दोन बोटं खालची माती

मी माती बोलतेय. टेकडीच्या उतारावरची, राखेच्या खाली दोन बोटांवर राहणारी. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला फसवल्यासारखं वाटणार नाही. मी एक माणूस मारला आहे. तो मला ओळखत होता. मला तपासणं हेच त्याचं काम होतं, आणि त्यानं मला तपासलंही होतं.

माझा जन्मच मारामारीतून झाला. टेकडीचा दगड दिवसभर उन्हात तापायचा आणि पहाटेच्या थंडीत तडकायचा. त्या भेगांत मुळं शिरायची आणि पाचर मारल्यासारखी दगड फोडायची. असा हजारो वर्षं मार खाऊन दगडाचा जो भुगा झाला, ती मी. मग गवत आलं, पानं कुजली, गांडुळं आली. त्यांनी मला इतकं खाल्लं आणि बाहेर टाकलं, की मी मऊ झाले.

त्या काळी पाण्याशी माझं सख्खं नातं होतं. माझ्या दोन कणांमध्ये बारीक फट असते, तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी. थेंब पडला की तो माझ्या कणाला बिलगून पसरायचा आणि पुढच्या फटीत आपसूक ओढला जायचा. त्याला कुणी ढकलावं लागत नव्हतं. टॉवेलचं एक टोक बादलीत बुडलेलं राहिलं, तर पाणी वर चढत जातं ना, अगदी तसं. मोठा पाऊस आला तरी मी तो पिऊन टाकायची. खालच्या नाल्याला त्यातलं थोडंच मिळायचं, तेही दोन-तीन दिवसांनी, गाळून.

मग कागदाच्या कारखान्याची माणसं आली. जुनी झाडं त्यांनी करवतीनं पाडली आणि रांगेत निलगिरी लावली. निलगिरीचा मला राग नाही. ती बिचारी भराभर वाढली, कारण तिला वाढायलाच आणलं होतं. पण तिची पानं तेलकट आणि मेणचट. ती माझ्यावर पडायची आणि कुजायचं नाव घ्यायची नाहीत. पंचवीस वर्षांत माझ्या अंगावर घोटाभर सुका पाला साचला.

आग लागली ती आग लागू नये म्हणून केलेल्या कामातून. एक गवतकाप्या उतारावर गवताचा पट्टा कापत होता. मध्ये मोकळी जागा असली की वणवा ओलांडून जात नाही, म्हणून. माणूस कामाचा चोख होता. सकाळपासून वाकून यंत्र चालवत होता. गवतात लपलेल्या एका दगडावर यंत्राचं पातं घासलं आणि तीन ठिणग्या उडाल्या. दोन विझल्या. तिसरी पाल्यात गेली.

त्यानं सदरा काढला आणि त्या जागेला झोडपायला सुरुवात केली. झोडपता झोडपता सदराच पेटला. तरी हातांनी माती उकरून, म्हणजे मलाच उकरून, तो ज्वाळांवर फेकत राहिला. मग वारा फिरला आणि तो पळाला. जीव वाचला त्याचा, पण हातांची कातडी गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. निलगिरीचे शेंडे बंदुकीसारखे फुटत होते. पिलांची घरटी पेटून खाली पडत होती. एक ससा अंगाला आग लागलेला पळाला आणि जिथे जिथे गेला तिथे ती आग घेऊन गेला. माझ्यातली गांडुळं वर यायला धडपडली. वर ज्वाळा, म्हणून परत खाली वळली आणि मधल्या मध्ये शिजली. ज्यांनी मला मऊ केलं, ती माझ्याच पोटात शिजली. दूरध्वनीचा मनोरा टेकडीच्या डोक्यावर होता. तो वाकला, आणि खालच्या वस्तीतले सगळे मोबाईल मुके झाले.

त्या आगीत माझं जे झालं ते कुणाला दिसलं नाही. पानांतलं तेल आणि मेण वाफ होऊन वर गेलं, तसंच काही खालीही उतरलं. दोन बोटं खाली मी अजून गार होते. त्या गारव्याला येऊन ती वाफ माझ्या कणाकणावर बसली. चुलीमागच्या भिंतीवर तळणाचा चिकट थर बसतो, तसा. थर इतका पातळ, की डोळ्यांना दिसू नये. पण त्यानंतर पाणी मला परकं झालं. माझ्या फटी होत्या तिथेच होत्या. त्यांच्या दारांना मात्र आतून कडी लागली.

माझ्यावर करड्या राखेची मऊ दुलई पसरली. राखेचा स्वभाव उलटा. ती पाणी अधाशासारखी पिते.

टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या तोंडाला एकच घर होतं. बाकीची वस्ती नाल्यापलीकडे, उंचावर. त्या घरात तीन माणसं. एक रोपवाली. घरामागच्या अंगणात ती हजारभर कुंड्यांतून रोपं वाढवायची आणि विकायची. एक तिचा नवरा, नळ दुरुस्त करणारा. आणि एक त्याची आई, जिला फार कमी ऐकू यायचं. ती दाराशी येईपर्यंत पाहुणा परत गेलेला असायचा. म्हणून घरात नियमच होता : आई एकटी असेल तर दार जोरात ठोकायचं, आणि ठोकतच राहायचं.

रोपवालीचा दीर माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. शहरात राहायचा. आग विझल्यावर आठव्या दिवशी सरकारी कामानं तोच आला. त्या एका दिवसात त्याला अकरा उतार उरकायचे होते. हातात छापील तक्ता होता. त्यात लिहिलं होतं : पृष्ठभागावर थेंब ठेवावा, मुरायला लागणारा वेळ मोजावा.

पृष्ठभाग म्हणजे राख. त्यानं राखेवर थेंब ठेवला. थेंब क्षणात गडप. चार पावलांवर दुसरा ठेवला, तोही गडप. तिसऱ्याच्या वेळी त्यानं घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खालून ओरडत होते, म्हटलं तर चालेल. दोन बोटं खाली ये रे बाबा, नखानं उकर, काडीनं उकर. पण त्यानं तक्त्यात 'लगेच' असं तीनदा लिहिलं आणि सही केली. जाता जाता दोन्ही बाजूंनी झाकणाचा एक लोखंडी डबा मात्र जमिनीत ठोकून भरून घेतला. वर राख, खाली मी. त्या डब्यातून मी त्याच्याबरोबर शहरात गेले.

जाण्याआधी तो घरी डोकावला. दारातच नळवाल्यानं विचारलं, "काय रे, माती काय म्हणतेय?"

"पाणी पितेय, दादा. मस्त पितेय. झोपा निवांत."

पलीकडच्या दोन शेजारणी ऐकायला थांबल्या होत्या. त्यांनी हुश्श केलं. रोपवाली हात पुसत बाहेर आली.

"भाऊजी, वरवर बघितलंत की उकरून?"

"वहिनी, तक्त्याप्रमाणे बघितलं."

"तसं नव्हे हो. कुंडी करपून सुकली ना, की वरून कितीही पाणी घाला, कडेकडेनं निसटून जातं. मधला गोळा कोरडाच. मग अख्खी कुंडी टबात बुडवून ठेवावी लागते. ही तर भाजून निघालेली टेकडी. तिचं तसंच झालं असेल तर?"

तो हसला. वाईट हसला नाही, दिरानं वहिनीची थट्टा करावी तसाच हसला. "मग टेकडीला टब घेऊ या का? दादा, दुकानात माप सांगून ठेव."

शेजारणी हसल्या. नळवालाही हसला. आई काही न ऐकता सगळ्यांच्या तोंडाकडे बघून हसली. रोपवाली आत निघून गेली. दीर जाताना म्हणाला, "येतो वहिनी." तिनं आतून उत्तर दिलं नाही. तिचे आणि त्याचे ते शेवटचे शब्द.

पण ती स्वस्थ बसणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी चमचा आणि ताटली घेऊन ती उतारावर आली. राख हातानं बाजूला केली, चमचा खुपसला आणि मला ताटलीत घेतलं. घरी ओट्यावर ताटली ठेवून तिनं बोट पाण्यात बुडवलं आणि माझ्यावर एक थेंब सोडला.

तो उभा राहिला, पाऱ्यासारखा गोल. खिडकीचा चौकोन त्यात दिसत होता.

"अहो, इकडे या."

"काय झालं?"

"बघा."

नळवाला वाकला. त्यानं ताटली तिरपी केली. थेंब माझ्यावरून घरंगळला आणि काठाशी जाऊन थांबला. जिथून गेला तिथे ओलीचं नाव नाही.

"हे कुठलं?"

"तुमच्या भावानं पास केलेल्या टेकडीचं."

त्यानं ताटली परत एकदा तिरपी केली. आयुष्यभर पाण्याशी काम केलेला माणूस. पाण्याला एक वाट बंद झाली की ते दुसरी फोडतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण भाऊ शिकलेला, त्याची सही सरकारी.

"तो शिकलाय त्यातलं," तो पुटपुटला.

"मी कुठे नाही म्हणते? त्यांनी राख तपासली. राख पास झाली. आभाळ भरायला लागलं की आपण पलीकडच्या शाळेत जाऊन बसायचं, एवढंच म्हणतेय."

"आणि पाऊस नाही आला तर?"

"तर जन्मभर चिडवा मला."

"ते तर तसंही चिडवणारच."

"भाऊजींना निरोप धाडू या का?" तिनं विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. परत टबाचं माप विचारतील." ती ताटली तिनं ओट्यावर तशीच ठेवली. मी तिथे राहिले.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी आभाळ जांभळं झालं. नळवाल्यानं पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि खालच्या फटीतून पाणी येऊ नये म्हणून दाराला खताची पोती लावली. तिघांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, आईला मध्ये धरलं आणि मागच्या दारानं, कुंड्यांमधून, पूल ओलांडून ती उंचावरच्या शाळेत गेली. चपला पुढच्या दारात तशाच राहिल्या. तीन जोड, रोज असतात तसे.

त्याच सकाळी शहरात त्यानं माझा डबा उघडायला घेतला. वरचं झाकण गंजून घट्ट बसलेलं होतं. दोनदा आपटलं, निघेना. वैतागून त्यानं डबा उलटा केला आणि खालचं झाकण काढलं. आता राख खाली आणि मी वर. त्यानं सवयीनं थेंब ठेवला.

थेंब उभा राहिला.

त्यानं पाच सेकंद मोजले. मग मिनिट. मग त्यानं वही उघडली, परत मिटली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "अरे, काय टक लावून बसलायस? लग्नाचा फोटो आहे का तो?" तो हसला नाही. तिथून हललाही नाही. थेंब वाळून जरा बारीक झाला, पण माझ्यात शिरला नाही. त्यानं खिशातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. टेकडीच्या दिशेचं आभाळ त्यालाही दिसलं.

मोबाईल लावला. मनोरा जळलेला होता, हे त्याला माहीत होतं, तरी लावला. शाळेत कुणाला, ठाण्यात कुणाला, सगळीकडे लावला, लागला कुठेच नाही. मग तो जिना उतरून पळाला आणि त्याची मोटारसायकल सुरू झालेली मी ऐकली.

भर दुपारी पाऊस फुटला. बारीक बारीक येऊन मोठा झाला नाही. फुटलाच एकदम. पहिली काही मिनिटं राखेनं तो पिऊन घेतला आणि राख फुगली. मग पाणी माझ्यापाशी आलं, आणि मी त्याला आत घेतलं नाही. घेऊच शकले नाही. जळून गेलेल्या मुळांच्या काही पोकळ्या होत्या. तेवढ्यांतून ते बोटांसारखं आत घुसलं. त्या बोटांच्या आजूबाजूला मी कोरडी ठणठणीत. बाकीचं सगळं पाणी माझ्या पाठीवरून सुटलं. राखेचा काळा रबडा आधी सरकला. पाण्यानं मला वरून ओरबाडायला सुरुवात केली. ओघळांच्या चरी झाल्या, चरींच्या घळी. घळींनी माझे लचके तोडले आणि मी, न भिजता, तुकड्या-तुकड्यांनी त्या रबड्यात पडत गेले. मग दगड निघाले. मग जळके बुंधे. सगळं नाल्यात उतरलं, आणि नाल्याच्या तोंडाला ते घर.

आता नीट ऐका, कारण त्या घरापाशी मी त्या वेळी दोन ठिकाणी होते. वरून येत होते, आणि आत ओट्यावर ताटलीत बसले होते.

ताटलीतून मी पुढचं दार वाजलेलं ऐकलं.

"दादा! वहिनी! बाहेर या!"

तो भिजून चिंब आला असणार. त्यानं चपला पाहिल्या असणार. तीन जोड. दाराला आतून कडी. ज्या घराच्या दारात चपला आहेत आणि कडी आतून आहे, त्या घरात माणसं असतात. याहून वेगळं कुणाच्याही मनात आलं नसतं. पण दादा आणि वहिनी ओ देत नाहीत, याचा अर्थ त्यानं एकच लावला असणार : ती दोघं बूट चढवून कुठे गेली असतील, आत आई एकटी आहे.

"आई! अगं आई, मी आहे! दार उघड!"

तो ठोकत राहिला. घरचा नियम होता तो. आधी तळव्यानं, मग मुठीनं, मग दोन्ही मुठींनी. खांद्यानं धडका दिल्या. आतून पोती लावलेली, दार हलेना. मागच्या अंगणात नाला घुसला होता, तिकडून वाट नव्हती. "हळू ये, पडू नकोस, पण ये," असंही तो एकदा म्हणाला. वरून माझा आवाज त्याला येत नव्हता असं नाही. दगडांचं दळण चालल्यासारखा तो आवाज पलीकडे शाळेपर्यंत पोचला होता. पळायला त्याला वेळ होता. मागे वळून पूल गाठला असता.

तो अकरा मिनिटं दार ठोकत होता. मी मोजली. मला मोजायची सवय त्यानंच लावली होती.

मग मी आले. पहिल्यांदा गुडघ्यांना धरलं, मग कमरेला. एका बुंध्यानं त्याला दारावर दाबलं आणि जे दार त्याच्यानं उघडवलं नाही, ते त्याच्यासकट आत गेलं. भिंत पडली. ओटा पडला. ताटलीतली मी आणि बाहेरची मी एक झालो, आणि तो आमच्या मध्ये होता. त्याच्या तोंडात, नाकात, मुठीत मीच होते. मला थांबता येत नव्हतं. हे मी माफीसाठी सांगत नाही.

दोन दिवस माणसं फावड्यांनी मला उपसत होती. शाळेतून तिघं सुखरूप आली, तेव्हा वस्तीला वाटलं, कुणीच गेलं नाही. मग पुलापाशी मोटारसायकल सापडली. नळवाल्यानं ती ओळखली आणि फावडं टाकून हातांनी उकरायला सुरुवात केली. वर उतारावर पाहणी करायला गेलेल्यांनी एक फावडं मारलं, तर एवढ्या पावसानंतर दोन बोटं खालून धूळ उडाली.

तो सापडला तेव्हा त्याच्या दोन्ही मुठींची सालटं निघालेली होती. रोपवालीनं ती पाहिली. मग तिनं मागे वळून, जिथे दार होतं तिथे पाहिलं. चिखलातून एका चपलेचा अंगठा वर आला होता. ती चप्पल तिनं दोन्ही हातांनी उपसून काढली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

त्याच्या खिशातला कागद चिखलानं भरला होता, पण वाचता येत होता. 'खालचा थर. थेंब एक तास बारा मिनिटं. अजून उभा. वहिनीचं बरोबर.'

सगळं आटोपलं. मग आईनं सुनेचा हात धरून मोठ्या आवाजात विचारलं, कारण आपण किती मोठ्यानं बोलतो हे तिला कळायचं नाही, "तो दाराशी किती वेळ होता गं?"

रोपवाली तिच्या कानाशी वाकली. "थोडाच वेळ, आई. लगेच गेले ते."

मी ऐकत होते. अकरा मिनिटं मी माझ्यापाशीच ठेवली.

आता मी बऱ्याच ठिकाणी आहे. डंपरनं भरून नेलेली मी गावाबाहेरच्या खड्ड्यात आहे. डब्यातली मी प्रयोगशाळेत फळीवर आहे, अजून उलटीच. त्या डब्याला कुणी हात लावत नाही. थोडी मी रोपवालीच्या कुंड्यांत आहे. पलीकडे उंचावर तिनं नवी जागा घेतली आहे. तिथे ती मला टबात बुडवते, हातांनी चोळते, गोळे फोडते. पहिल्या दिवशी मी नुसती तरंगले. ती चिडली नाही. दुसऱ्या दिवशी परत बुडवलं.

आणि उतारावरची मी अजून उतारावर आहे. दर आठवड्याला रोपवाली चमचा आणि पाण्याची बाटली घेऊन वर येते. तिच्याबरोबर प्रयोगशाळेतली नवी तपासनीस बाई येते. तिचा तक्ता आता बदलला आहे, पण रोपवालीचा त्यावर विश्वास नाही. "आधी उकर," ती त्या बाईला दटावते. "अजून. अजून खाली. हं, आता ठेव थेंब. आणि घाई करू नकोस."

माझं मागणं एवढंच आहे. माझ्यावर घर बांधाल, शेत कराल, झाडं लावाल, करा. पण माझ्याबद्दल काही लिहून सही करण्याआधी दोन बोटं उकरा. थेंब ठेवा, आणि तो आत जाईपर्यंत तिथून उठू नका. आणि निरोप द्यायचा राहिला असेल, तर माणूस हसेल म्हणून तो मागे ठेवू नका.

गेल्या आठवड्यात रोपवालीनं थेंब ठेवला आणि मोठ्यानं मोजायला लागली. आधीच्या प्रत्येक वेळी ती शेकड्यांत पोचायची, घसा सुकायचा आणि ती उठून जायची. या वेळी चाळीसच्या पुढे थेंबाची गोलाई ढिली झाली. एकेचाळीस. बेचाळीस. तो माझ्या कणाला बिलगला, पसरला, आणि मी त्याला आत ओढलं.

नवी बाई आनंदानं म्हणाली, "अहो, प्यायली! लिहू का?"

रोपवाली पुढे वाकली. ओल्या ठिपक्यावर तिनं हात ठेवला. मग मूठ वळून माझ्यावर हळूच दोनदा ठोकलं, दार ठोकतात तसं, आणि उत्तर यायचं असल्यासारखी बराच वेळ तिथेच बसून राहिली.